होडीचा शाफ्ट आणि बुश : बदलण्याआधी झीज वाचा

शिडाच्या होडीत इंजिन बसवायचे म्हणजे तिच्या तळाला, पाण्याखाली, एक भोक पाडावे लागते. इंजिन आत, पंखा बाहेर आणि दोघांना जोडणारा शाफ्ट या भोकातून जातो. शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे आणि समुद्र आत येता कामा नये, अशी दोन कामे एकाच जागी साधायची असतात. ही कामे चार-पाच लहान भाग करतात आणि हेच भाग सतत झिजत असतात.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून हर्णै, मुरूड-राजपुरीपर्यंत आपल्या अनेक बांधवांचा रोजगार होडीवर आहे. कुणाची स्वतःची होडी आहे, कुणाचा तिच्यात वाटा आहे, कुणी खरादी आहे, कुणी इंजिनाचा फिटर, तर कुणी सुट्या भागांचा दुकानदार. जून-जुलैच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि दुरुस्ती सुरू होते. नवा बुश बसतो, पैसे चुकते होतात, होडी समुद्रात जाते. दिवाळीच्या सुमारास पुन्हा खडखड सुरू झाली की मालक म्हणतो, बुश हलका दिला. फिटर म्हणतो, तांडेलाने होडी नीट चालवली नाही. दोघांचा संबंध बिघडतो आणि ऐन हंगामात होडी उभी राहते.

पुष्कळदा बुशाचाही दोष नसतो आणि तांडेलाचाही नसतो. झीज दुसऱ्याच भागाने केलेली असते. तो भाग कोणता, हे काढून टाकलेल्या जुन्या बुशावर उमटलेले असते. ते वाचण्याची रीत सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कोणते भाग कुठे असतात

किनाऱ्यावर न राहणाऱ्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. इंजिनाच्या मागे गिअर असतो. गिअरच्या तबकडीला शाफ्टची तबकडी बोल्टांनी जोडलेली असते, तिला कपलिंग म्हणतात. तेथून शाफ्ट मागे जातो आणि ग्लँडमधून जातो. ग्लँड म्हणजे पितळी डबी. तिच्यात चौकोनी दोरीची कडी दाबून बसवलेली असतात, ती पाणी अडवतात. ग्लँडच्या मागे तळातून बाहेर जाणारी नळी असते. नळीच्या बाहेरच्या टोकाला, किंवा बाहेर लटकणाऱ्या ब्रॅकेटमध्ये, बुश असतो. त्याच्या पलीकडे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर पंखा, चावी, नट आणि पिन असते. शाफ्टवर जस्ताची वडीही बसवतात.

आजचा बुश बहुधा बाहेरून पितळी आणि आतून रबरी असतो. रबरावर लांबीच्या दिशेने खाचा असतात. नेहमीच्या मापाचा बुश शाफ्टच्या जाडीच्या चौपट लांब असतो. म्हणजे ४० मिलिमीटरच्या शाफ्टला साधारण १६० मिलिमीटरचा बुश येतो.

पाणी हेच तेल

या बुशाला तेल किंवा ग्रीस लागत नाही. रबराच्या खाचांतून समुद्राचे पाणी खेळते आणि त्या पाण्याच्या पातळ थरावर शाफ्ट तरंगत फिरतो. ही युक्ती जुनी आहे. पंख्याची पहिली वाफेची जहाजे निघाली तेव्हा धातूवर धातू घासून मागचे बेअरिंग लवकर खलास होई. इंग्लंडच्या जॉन पेन या इंजिन बनवणाऱ्याने १८५४ साली यावर इलाज काढला. लिग्नम व्हायटी नावाच्या, पाण्यात बुडणाऱ्या जड लाकडाच्या पट्ट्या त्याने बेअरिंगच्या आत बसवल्या आणि पट्ट्यांच्या मधून पाणी जाऊ दिले. आजच्या रबरी बुशामागचे तत्त्व तेच आहे. वाळूचा कण आला तर रबर दबते आणि कण सरकत खाचेत जाऊन पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून खाड्यांच्या गढूळ पाण्यात रबरी बुश कोऱ्या धातूच्या बुशापेक्षा जास्त टिकतो.

यावरून एक नियम निघतो. होडी जमिनीवर असताना इंजिन सुरू करून गिअर टाकू नये. पाण्यावाचून रबर थोड्याच वेळात जळते. नवा बुश बसवल्यावर “जरा फिरवून बघू” म्हणून केलेली ही हौस नवा बुश जुना करते.

झीज किती झाली ते मोजावे

होडी वर ओढल्यावर पंख्याजवळचा शाफ्ट हाताने धरून वर-खाली आणि उजवी-डावीकडे हलवावा. नव्या बुशात शाफ्ट जेमतेम हलतो. एक इंची शाफ्ट अर्ध्या सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागापेक्षा, जास्त हलत असेल तर बुश बदलण्याची वेळ झाली असे समजावे. बाहेर रबराच्या चिंध्या दिसत असतील किंवा रबर पितळापासून सुटले असेल, तर मोजण्याचीही गरज नाही.

पाण्यात असतानाही खुणा दिसतात. इंजिनाच्या ठराविक वेगावर मागचा भाग थरथरतो. हळू चालताना खालून टकटक येते. ग्लँड आवळली तरी दोन दिवसांत पुन्हा गळते. यांतली शेवटची खूण फार फसवी आहे. माणसे दोरी बदलत राहतात, पण शाफ्टच डगमगत असेल तर कोणतीही दोरी टिकणार नाही.

जुना बुश आणि शाफ्ट शेजारी ठेवून पाहा

आता मुख्य मुद्दा. बुश एका जागी बसलेला असतो आणि शाफ्ट फिरत असतो. म्हणून बसलेल्या भागाचा दोष एकाच जागी राहतो आणि फिरणाऱ्या भागाचा दोष फिरत राहतो. ही एक गोष्ट समजली की बाकीचे आपोआप उलगडते.

समजा, इंजिन रेषेत बसलेले नाही. मग शाफ्ट बुशाच्या एकाच बाजूला कायम रेटला जातो. बुश त्या एका बाजूने झिजतो, पण शाफ्टची प्रत्येक बाजू आळीपाळीने तेथे घासत असल्याने शाफ्ट चहूकडून सारखा झिजतो. पुष्कळदा बुशाच्या एका टोकाला झीज वर आणि दुसऱ्या टोकाला खाली दिसते. याचा अर्थ शाफ्ट बुशातून तिरका जात होता.

आता समजा, शाफ्ट वाकलेला आहे, किंवा पंख्याचे एक पाते खडकावर आपटून वजनाचा तोल गेला आहे. येथे शाफ्टची एकच बाजू बाहेर रेटते, पण ती फिरत असल्याने बुशाला सगळीकडून घासते. म्हणून बुश चहूकडून सारखा मोठा होतो आणि शाफ्ट मात्र एका बाजूने चपटा दिसतो.

तिसरा प्रकार म्हणजे बुश सगळीकडून सारखा झिजला आहे आणि शाफ्टही गोल आहे. ही वयाची आणि वाळूची झीज. येथे फक्त बुश बदलला तरी चालेल.

चौथा प्रकार आपल्याकडे वारंवार दिसतो. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्याच्या मागे गुंडाळला जातो, घर्षणाने तापून वितळतो आणि बुशाच्या तोंडाशी कडक कडे होऊन बसतो. पाण्याची वाट बंद होते आणि रबर त्या टोकाकडून जळत जाते. हा नायलॉनचा गोळा फिटरने फेकून देऊ नये, मालकाला दाखवावा. मग तांडेलही पुढच्या वेळी धागा अडकताच इंजिन थांबवील.

पहिल्या दोन प्रकारांत नुसता नवा बुश बसवणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे आहे.

शाफ्टची पारख

शाफ्ट बाहेर काढल्यावर बुशाच्या जागी, ग्लँडच्या जागी आणि मध्ये न घासलेल्या जागी मायक्रोमीटरने माप घ्यावे. प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजावे, म्हणजे चपटेपणा कळतो. मग शाफ्ट दोन ‘व्ही’ ठोकळ्यांवर ठेवून फिरवावा आणि डायल लावून वाक पाहावा. डोळ्याने सरळ दिसणारा शाफ्ट डायलखाली वाकडा निघतो.

दोरीखाली शाफ्टवर खोल खाच पडली असेल तर नवी दोरी तिथे पाणी धरणार नाही. काही ठिकाणी खाच वेल्डिंगने भरून खरादतात. हे काम स्वस्त पडते, पण वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकू शकतो आणि भरलेल्या जागेच्या कडेला पुढे तडा जाण्याचा धोका राहतो. भर समुद्रात शाफ्ट तुटला तर वाचवलेल्या पैशांची आठवणही नको वाटेल.

स्टेनलेस स्टीलबद्दल एक गैरसमज आहे की त्याला गंज चढत नाही. या धातूला वाहते पाणी आणि त्यातला प्राणवायू हवा असतो. होडी महिनोन् महिने पाण्यात उभी राहिली की दोरीखाली आणि बुशाच्या आत पाणी साचून राहते. तेथे शाफ्टला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. वरून लहान दिसणारा खड्डा आत खोल गेलेला असू शकतो. असा शाफ्ट पॉलिश करून परत बसवू नये.

पंख्याचा नट आणि इतर पितळी भाग तांबूस-गुलाबी झाले आहेत का तेही पाहावे. पितळात तांबे आणि जस्त असते. खाऱ्या पाण्यात जस्त निघून गेले की उरलेले तांबे भुसभुशीत होते. जस्ताची वडी हा मार स्वतःवर घेते. ती अर्धी संपली की बदलावी, घासलेल्या स्वच्छ धातूवर बसवावी आणि तिला रंग लावू नये. रंगवलेली वडी निकामी असते.

काढताना हातोडा दूर ठेवावा

कपलिंग जाम झाले की हातोडा उचलण्याचा मोह होतो. तो मार थेट गिअरच्या बेअरिंगला बसतो. त्याऐवजी दोन तबकड्यांच्या मध्ये, शाफ्टच्या टोकावर, एक लोखंडी तुकडा ठेवावा आणि लांब बोल्ट घालून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळावेत. शाफ्ट कपलिंगमधून हळूहळू बाहेर ढकलला जातो. शाफ्ट मागे ओढताना सुकाण आडवे येते का, ते काम घेण्याआधीच पाहावे. येत असेल तर सुकाण उतरवण्याची मजुरी अंदाजात धरावी, मागाहून वाद नको.

बुश काढण्याआधी त्याला अडवणारे ग्रब स्क्रू शोधून सैल करावेत. ते रंगाखाली लपलेले असतात. ते न काढता ठोकल्यास ब्रॅकेट वाकते आणि नवीन दुखणे सुरू होते. बुश पुलरने, किंवा आट्यांची सळी, वॉशर आणि नट वापरून ओढून काढता येतो. तेही न जमल्यास करवतीच्या पात्याने आतून लांबीच्या दिशेने काप द्यावा, पण बाहेरची नळी कापली जाणार नाही इतके जपून. मग बुश आत मुडपून बाहेर येतो.

नवा बुश बसवताना

घेण्याआधी शाफ्टची जाडी, बुशाची बाहेरची जाडी आणि लांबी ही तीन मापे कागदावर असावीत. “मागच्यासारखाच द्या” हे माप नव्हे. बसवण्यापूर्वी बुश काही तास बर्फात ठेवला तर तो किंचित आकसतो आणि सहज जातो. आत सरकवताना साबणाचे पाणी लावावे, तेल किंवा ग्रीस नव्हे. ठोकू नये, त्याच सळीने ओढून घ्यावा. ग्रब स्क्रू बुशाला फक्त अडवण्यापुरते आवळावेत. जास्त आवळल्यास बुश आतून दबतो आणि शाफ्ट तेथेच घट्ट होतो. पाणी येण्याची भोके रंगाने किंवा शिंपल्यांनी बुजली नाहीत ना, ते शेवटी पाहावे.

पंखा बसवताना आधी चावीशिवाय शाफ्टच्या निमुळत्या भागावर घट्ट बसवून शाफ्टवर खूण करावी. मग चावी घालून पुन्हा बसवावा. पंखा त्याच खुणेपर्यंत आला पाहिजे. अलीकडेच थांबला तर तो चावीवर चढला आहे, निमुळत्या भागावर बसलेला नाही. असा पंखा पुढे सैल होतो. पिन दरवेळी नवीन घालावी.

ग्लँडची दोरी : सुताची पारख

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला येथे बोलण्याचा हक्क आहे. ग्लँडची जुनी दोरी अळशीच्या झाडाच्या सालीपासून काढलेल्या धाग्याची असते. याच धाग्याचे लिनन कापड होते. हा धागा ओला झाला की अधिक मजबूत होतो. तागाचा धागा दिसायला तसाच असला तरी ओला झाल्यावर कमजोर होतो. म्हणून पोत्याची सुतळी पिळून ग्लँडमध्ये भरणे ही काटकसर नव्हे. चरबी किंवा मेण पाजलेली अळशीची दोरी, नाहीतर टेफ्लॉनची दोरी घ्यावी. काळी ग्रॅफाइटची दोरी खाऱ्या पाण्यात टाळावी, कारण ग्रॅफाइट आणि धातू यांच्यात बॅटरीसारखी क्रिया होऊन शाफ्ट खाल्ला जातो.

दोरीचे माप सोपे आहे. डबीच्या आतल्या व्यासातून शाफ्टची जाडी वजा करून निम्मे करावे. डबी ६० मिलिमीटर आणि शाफ्ट ४० असेल तर दोरी १० मिलिमीटरची. एका कड्याची लांबी सुमारे १५७ मिलिमीटर येते. कडी शाफ्टवर कापू नयेत, चाकूची रेघ शाफ्टवर राहते. त्याच जाडीच्या लाकडी दांड्यावर गुंडाळून कापावीत.

जुनी सगळी कडी आकड्याने उकरून काढावीत. जुन्यावर एक नवे कडे चढवल्याने काम होत नाही. नवी कडी एकेक करून बसवावीत आणि त्यांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नयेत. तीन कडी असतील तर प्रत्येक सांधा एक-तृतीयांश फेरा पुढे. ग्लँड हातानेच आवळावी. होडी पाण्यात चालू लागल्यावर शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडावेत इतके जुळवावे आणि मग लॉकनट घट्ट करावा. थेंब साफ बंद केले तर दोरी तापते आणि शाफ्टला खाच पडते. इंजिन थांबवून ग्लँडला हात लावावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. फिरत्या शाफ्टजवळ सैल बाही, रुमाल किंवा लुंगीचा सोगा जाऊ देऊ नये.

रेषा पाण्यातच जुळवावी

लाकडी होडी जमिनीवर सुकते आणि टेकूंवर तिचा आकार थोडा बदलतो. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते. म्हणून कपलिंगची शेवटची जुळणी होडी पाण्यात एक-दोन दिवस राहिल्यावर करावी. जमिनीवर केलेली जुळणी कच्ची समजावी.

बोल्ट काढून दोन्ही तबकड्या जवळ आणाव्यात. शाफ्टचे लोंबते वजन आधाराने उचलून धरावे. मग वर, खाली, उजवीकडे, डावीकडे फिलर गेजने फट मोजावी. तबकडीच्या व्यासाच्या दर इंचाला इंचाचा एक हजारांश भाग, एवढाच फरक चालतो. म्हणजे पाच इंची तबकडीला पाच हजारांश इंच. त्यानंतर गिअरची तबकडी स्थिर ठेवून फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवावा आणि पुन्हा मोजावे. मोठी फट जागच्या जागी राहिली तर इंजिन हलवायचे आहे. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकडा आहे किंवा त्याची तबकडी तिरकी आहे. तोच नियम येथेही लागू पडतो : बसलेल्याचा दोष बसून राहतो, फिरणाऱ्याचा फिरतो.

इंजिनाखालचे लाकूड कुजले असेल किंवा बोल्ट ढिले असतील तर जुळवलेली रेषा महिनाभरही टिकणार नाही. ते आधी पाहावे.

होडीत काय असावे

शाफ्ट सुटून मागे गेला तर उघड्या नळीतून समुद्र थेट आत येतो. ग्लँडच्या पुढे शाफ्टवर एक घट्ट पट्टा बसवावा, म्हणजे शाफ्ट पूर्ण बाहेर निसटणार नाही. नळीच्या मापाचा निमुळता लाकडी खुंटा ग्लँडजवळच बांधून ठेवावा आणि तो कुठे आहे हे प्रत्येक खलाशाला माहीत असावे. सोबत एक नवा बुश, दोरी, चावी, पिना आणि जस्ताची वडी असावी. हा सगळा माल हंगामाच्या एका बुडालेल्या खेपेपुढे काहीच नाही.

मालक आणि कारागीर यांचा हिशेब

शेवटी व्यवहाराची गोष्ट. वर्कशॉपच्या उस्तादाने प्रत्येक होडीसाठी वहीचे एक पान ठेवावे. तारीख, शाफ्टची मापे, बुशाची मापे, झीज कोणत्या बाजूला होती, कपलिंगच्या चार फटी, आणि काय बदलले. पानावर दोघांची सही घ्यावी. जुना बुश चिठ्ठी बांधून मालकाला परत द्यावा. त्याने मालकाला दिसते की भाग खरोखर बदलला, आणि पुढच्या वर्षी कारागिराला मागची झीज ताडून पाहता येते.

शाफ्ट वाकडा निघाला आणि मालकाने खर्च टाळून फक्त बुश बदलायला सांगितले, तर तेही त्या पानावर लिहावे. कारागिराने स्पष्ट सांगावे की हा बुश टिकणार नाही. काम हातचे जाईल म्हणून गप्प बसणे हा व्यापार नव्हे. त्या होडीवर पाच-सहा माणसे समुद्रात जाणार असतात आणि त्यांची घरे किनाऱ्यावर वाट पाहत असतात. मालकानेही ध्यानात घ्यावे की मोजमापाला वेळ लागतो आणि त्या वेळेची मजुरी ही बुशाच्या किमतीइतकीच खरी आहे.